डावीकडे चार बोटं

३ जानेवारी

गाडी नापास!

तपासणीच्या साहेबांनी एकदा पुढून पाहिलं, एकदा मागून पाहिलं आणि कागदावर लिहिलं — ‘डावीकडे कललेली.’ हे कळायला साहेब कशाला हवा? शेंबडं पोरही सांगेल. महिनाअखेरपर्यंत सरळ करून आणा, नाहीतर नोंदणी रद्द. म्हणजे भंगार.

ताई गेली त्याला आज बावन्न दिवस. जन्मभरात मी तिच्याकडे दोनच गोष्टी मागितल्या. वेळेवर जेवत जा, आणि त्या जीपचा कल काढून घे. दोन्ही केल्या नाहीत. ‘चालतंय की रे! गाडीला काय आरशात बघायचंय?’ सात वर्षं हेच उत्तर. जनावरांची डॉक्टर. बैल दुखऱ्या पायावर भार टाकत नसेल तर हिला शंभर पावलांवरून कळायचं. आणि स्वतःची गाडी अंगणात एका कुशीवर पडल्यासारखी उभी, ती दिसत नव्हती. आळस, दुसरं काय!

टेप घेऊन मोजलं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. उजवीकडे बावन्न सेंटिमीटर. डावीकडे साडेचव्वेचाळीस.

मिस्त्री म्हणाला, ‘म्हणजे चार बोटं.’ कुणाची बोटं, ते विचारलं नाही.

४ जानेवारी, रविवार

घरीच.

७ जानेवारी

मिस्त्रीचं निदान — ‘शॉकअप गेलेत साहेब. चारही बदलू. मग बघा, गाडी नवरदेवासारखी ताठ उभी राहील.’

मी गप्प राहिलो. गप्प राहणं मला जमतं. पण इथे लिहून ठेवतो. शॉकअप वजन पेलत नाहीत. गाडी उसळली की ती उसळी थोपवतात, एवढंच त्यांचं काम. वजन पेलतात ते पाटे — पोलादाच्या त्या एकाखाली एक रचलेल्या वाकड्या पट्ट्या. प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षं स्प्रिंगला वजनं टांगून मी मुलांना हेच दाखवलं. त्यातली निम्मी झोपलेली असायची. मिस्त्री बहुधा त्याच बाकावरचा.

संध्याकाळी चार नवे शॉकअप बसले. मोजलं. उजवीकडे बावन्न, डावीकडे साडेचव्वेचाळीस. एक मिलिमीटरही इकडचं तिकडे नाही.

‘बसेल बसेल. दोन दिवस फिरवली की बसेल.’

अरे, बसलीच आहे! उठवायला सांगितलंय तुला.

९ जानेवारी

ताईच्या जागी आलेली नवी डॉक्टर दारात हजर. डॉक्टर कसली, पोरगी. वजन पंचेचाळीस किलोच्या वर नसेल. रेडा समोर आला तर सुई कोण कुणाला टोचणार, देव जाणे. बोलणं मात्र आगगाडीसारखं. आल्या आल्या ‘काका’. मी हिचा काका कधी झालो?

‘काका, ही गाडी कुणाला द्यायची असेल तर आधी मला सांगाल का? सरकारी गाडी ओढ्यापर्यंतच जाते. वरच्या वस्त्यांवर लशी घेऊन जायच्या तर अशीच हवी. दोन महिने झाले, वर कुणीच गेलेलं नाही.’

दोन महिने झाले, हे मला शिकवते!

मी विचारलं, लशींची पेटी कोण धरणार? बर्फाची पेटी असते ती. वाटेत आदळली की संपलं.

‘धरायची कशाला? मागे कडी आहे ना, ती काय. पट्ट्याने आवळायची.’ आणि जाऊन दाखवलीसुद्धा कडी.

आगाऊ. सात वर्षं दर रविवारी ती पेटी मांडीवर घेऊन मी ताईशेजारी बसलो. ‘तू नसलास तर सगळ्या बाटल्या फुटतील रे,’ म्हणायची. पस्तीस वर्षांच्या अनुभवाची बाई म्हणत होती. आणि ही दोन महिन्यांची मला पट्टा दाखवते.

विचार करतो, म्हटलं. करणार नाही.

१३ जानेवारी

धाकटीचा फोन. तिला सगळं लांबून सोपं दिसतं.

‘दादा, भंगारात दे आणि मोकळा हो. तुला कुठे चालवता येते? आणि शॉकअप काय, मिस्त्री काय! ताई असती तर हसली असती तुला.’

हसलीच असती. म्हणूनच तर!

चालवण्यासाठी करतोय, असं म्हणालं कोण? ही गाडी सरळ उभी राहू शकत होती, एवढंच मला बघायचंय. सात वर्षांचा वाद आहे. मी बरोबर होतो आणि ती मेली. मेली म्हणून ती जिंकली असं होत नाही.

हे फोनवर बोललो नाही. ‘बघू’ म्हटलं.

१६ जानेवारी

आज मिस्त्रीला रंगेहाथ पकडलं.

पाट्यांच्या टोकांना रबरी बुश असतात. ते जुने झालेत, बदलू, हे त्याचं नवं निदान. ठीक. पण पठ्ठ्याने गाडी जॅकवर चढवली, चाकं हवेत लोंबती ठेवली आणि त्याच अवस्थेत बोल्ट करकचून आवळले! गाडीच्या जुन्या पुस्तकात चौकट काढून छापलंय — बोल्ट आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, पूर्ण वजन पाट्यांवर आल्यावर. नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि गाडी कधीच आपल्या उंचीवर येत नाही. पान उघडून त्याच्या नाकासमोर धरलं.

‘साहेब, तीस वर्षं असंच आवळतोय.’

‘मग तीस वर्षं चुकतोय,’ म्हटलं. तोंडून निघून गेलं. मलाच आश्चर्य वाटलं.

सगळे बोल्ट सैल केले, गाडी खाली घेतली, पुढेमागे ढकलली, पुन्हा आवळले. दोन तास गेले. मी शेजारी उभा राहून प्रत्येक बोल्ट मोजला. बोल्ट सोळा.

नंतर टेप लावला. बावन्न. साडेचव्वेचाळीस.

मिस्त्री गालातल्या गालात हसला. हसू दे. पद्धत तर बरोबर होती.

१७ जानेवारी

मुदतीचे चौदा दिवस राहिले. ताईच्या खोलीचं दार उघडलं आणि लावून घेतलं.

१९ जानेवारी

ती पोरगी पुन्हा. म्हणे वरच्या वस्तीवर तीन वासरं दगावली. ती ओढ्यापर्यंत गाडीने गेली, पुढे पेटी खांद्यावर घेऊन चालत. ‘पोचेपर्यंत उशीर झाला, काका.’ बुटांना गुडघ्यापर्यंत चिखल. तशीच ओट्यावर बसली. पाणी दिलं. दोन पेले प्यायली.

मी काही कबूल केलं नाही.

२१ जानेवारी

मिस्त्रीने हात टेकले. ‘आता पाटेवाल्याकडेच न्यायला हवी साहेब.’ म्हणजे पहिल्या दिवशी जिथे न्यायची तिथे विसाव्या दिवशी. वा!

२२ जानेवारी

मिस्त्रीने चालवली, मी शेजारी बसलो. ताई गेल्यापासून पहिल्यांदाच. मांडी मोकळी होती. हात कुठे ठेवावेत ते कळेना.

पाटेवाल्याचं दुकान म्हणजे एक भट्टी, एक ऐरण आणि भिंतीला टेकवून ठेवलेले गंजके पाटे. म्हातारा माणूस, हाताला चटक्यांचे डाग. गाडी बघितली आणि हसला. हसायला काय झालं? मी त्याला आकडे सांगितले. त्याने ऐकले नाहीत. सरळ खाली शिरला, स्क्रू-ड्रायव्हरने पाट्यांवरचा वाळलेला चिखल खरवडला आणि मोठ्याने मोजायला लागला.

‘मागे उजवीकडे आठ. मागे डावीकडे सहा. पुढे उजवीकडे सात. पुढे डावीकडे सहा.’

मिस्त्री आभाळाकडे बघू लागला. सहा आणि आठ! वीस दिवस हा माणूस या गाडीखाली झोपत होता आणि त्याने पाटे मोजले नाहीत!

मीही मोजले नाहीत. टेप घेऊन वरवरून रोज मोजायचो. वाकलो नाही. का वाकलो नाही ते मला माहीत आहे.

पाटेवाला बाहेर आला, हात पुसत म्हणाला, ‘ही गाडी बसलेली नाही भाऊ. बसवलेली आहे. मीच बसवली.’

मग माझ्याकडे नीट बघितलं. ‘बाईंचे भाऊ तुम्हीच ना? गुडघेवाले?’

पुढचं जसं आठवतं तसं लिहितो. तो म्हणाला, सात वर्षांपूर्वी बाई आल्या. म्हणाल्या, डावीकडून चार बोटं खाली घ्या. मी म्हटलं, बाई, चांगली गाडी का बिघडवता? तर म्हणाल्या, ‘भाऊ माझा. पायरी चढता येत नाही, आणि हात दिला तर चिडतो. स्टूल ठेवलं तर लाथेने उडवेल. घरात कोंडून घेतलंय स्वतःला. गाडी खाली आली तर बाहेर निघेल.’ मी म्हटलं, त्यांना कळेल की. म्हणाल्या, ‘जुनी गाडी आहे, बसली म्हणेन. तो मला आळशी म्हणेल. म्हणू दे.’

मागच्या तपासणीला, म्हणजे पासिंगला, त्याने तीन पाटे दोन दिवसांपुरते परत घातले होते, मग पुन्हा काढले. तेव्हा ताईने मला सांगितलं होतं, गाडी लग्नाला दिली आहे. आणि सामान सगळं उजवीकडेच का कोंबायची ते आज कळलं. डाव्या पाट्यांवर ओझं पडू नये म्हणून. त्यावरूनही मी बोलायचो.

तिन्ही पाटे त्याने आतून आणून दाखवले. तारेने एकत्र बांधलेले. तेल लावलेले.

‘बाई होत्या तोवर बोललो नाही,’ म्हणाला. ‘तुम्ही मात्र आकडे लई बारीक काढलेत हो.’

हा टोमणा होता. मला लागला.

२३ जानेवारी

खोटारडी! सात वर्षं माझं ऐकून घेतलं, तोंडातून ब्र काढला नाही. वर हसायची. पाहुण्यांसमोर मी तिला अव्यवस्थित म्हणालो. धाकटीसमोर म्हणालो. तिच्या सत्काराच्या दिवशी, लोक जमले होते तेव्हासुद्धा म्हणालो. माझ्यावर दया करायला हिला सांगितलं होतं कुणी?

दुपारी जुन्या वह्या काढल्या. सात वर्षांची पानं चाळली. ‘दमलो’ आहे. ‘बाहेर गेलो नाही’ आहे. ‘जिन्यातला दिवा गेलाय म्हणून वर गेलो नाही’ आहे. नोकरी सोडली त्या दिवशी ‘कंटाळा आला’ असं लिहिलंय. गुडघा हा शब्द एकदाही नाही.

म्हणजे खोटं कोण बोलत होतं?

डावा. आता लिहिला.

२४ जानेवारी

पाटेवाल्याचा निरोप. ‘पासिंगपुरते घालतो आणि मग काढून देतो. बाई करायच्या तसंच. तुमची सोय होईल.’

सोय! दिवसभर तोच विचार. म्हणजे गाडी पुन्हा कललेली, अंगणात उभी, आणि तिच्यात बसून कुठेही न जाणारा मी. चालवणार कोण? आणि त्या पोरीने पाच वस्त्यांचं सामान भरून तशीच वर नेली तर? तिला एकीकडे ओझं ठेवायला सांगणार कोण, आणि का म्हणून? डावीकडचा मुख्य पाटा एका वळणावर तुटला की पुढे लिहायला नको.

संध्याकाळी निरोप पाठवला — तिन्ही घाला. कायमचे.

२५ जानेवारी, रविवार

घरीच.

२९ जानेवारी

पास. मिस्त्रीने गाडी पाटेवाल्याकडून परस्पर नेली, मी रिक्षाने गेलो. तेच साहेब. पुढून एकदा, मागून एकदा. ‘ठीक’ लिहिलं. उजवीकडे बावन्न, डावीकडे बावन्न. कागद हातात घेतला. जिंकलो म्हणे मी.

मिस्त्री शिक्का मारून घ्यायला खिडकीशी गेला तेव्हा डावं दार उघडलं. पाय उचलला. पायरीपर्यंत पोचेना. दोन्ही हातांनी दांडी धरून ओढून पाहिलं. नाही. मिस्त्री परत आला तेव्हा मी दाराच्या बिजागऱ्या तपासत होतो.

‘आवाज करतात का?’

‘किंचित,’ म्हटलं. आणि मला एक काम आहे सांगून बसने घरी आलो. बसलाही पायऱ्या असतात, हे विसरलो होतो. कंडक्टरने न विचारता दंड धरला. त्याच्यावर खेकसलो. त्याने मनावर घेतलं नाही. त्याच्याकडे रोज माझ्यासारखे दहा येत असतील.

३० जानेवारी

डॉक्टरीणबाईंना फोन केला. गाडी घेऊन जा म्हटलं. पलीकडून मग रडण्याचा आवाज. या पिढीला रडायला काहीही पुरतं. रविवारी सकाळी सातला ये, असं सांगून फोन ठेवून दिला.

१ फेब्रुवारी, रविवार

सातला दहा कमी असतानाच आली. पेटी मागच्या कडीला आवळली. दोनदा हलवून बघितली. नीट बांधली होती, मला काही बोलायला जागा ठेवली नाही. मग डावं दार उघडून म्हणाली, ‘येताय का काका?’

मी म्हटलं, ‘येतो. पण मला चढता येत नाही. हात दे.’