उसण

अण्णा,

तुम्ही कशाने गेलात हे ज्याने विचारलं त्याला आजवर मी एकच सांगत आले, पाठीत उसण भरून. परवा डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही तेच सांगितलं. मोतीबिंदू काढायच्या आधीच्या तपासणीत माझ्या छातीत भलतंच निघालं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी एका जागी फुगली आहे म्हणे. दुखत नाही, खुपत नाही. इथे गारखेड्यात रोज दोन जिने चढते, मला कळणार तरी कसं? डॉक्टर माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. कागदावर नळी काढून म्हणाले, "पाच सेंटिमीटरच्या वर गेलीय. लहान असती तर बीपीच्या गोळ्या देऊन, अधूनमधून मोजत थांबलो असतो." आता तेवढा भाग काढून तिथे कापडाची नळी शिवायची. मी म्हटलं, मला गोळ्याच द्या. छाती उघडून घ्यायची भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू.

मग वडिलांचा, म्हणजे तुमचा, विषय निघाला. उसण म्हटल्यावर डॉक्टरांचं पेन थांबलं. "दोन्ही खांद्यांच्या मधे? एकदम?" मी मान डोलावली. "मॅडम, ती उसण नसावी. त्यांची हीच रक्तवाहिनी आतून फाटली असावी. आज खात्रीने सांगता येणार नाही, पण घरात असं झालं असेल तर आम्ही फार थांबत नाही. फाटल्यावर हातात फार वेळ नसतो. आधी ऑपरेशन केलं तर धोका बराच कमी." धाकट्या भावालाही तपासून घ्या म्हणाले.

मी मात्र आपल्या ओट्यावर पोचले होते. मी पायाळू, पायांकडून जन्मलेली. कन्नडच्या अलीकडच्या आपल्या गावात कुणाची पाठ धरली की तो आपल्या ओट्यावर पालथा पडायचा आणि मी त्याच्या पाठीवर तीनदा लाथ मारायची. लहानपणी मला त्याचा भारी तोरा होता. दहावीत गेले आणि वर्गातली मुलं 'लाथाळ म्हैस' म्हणू लागली, तसा तोरा उतरला. तुम्ही गेलात त्या दिवशी सकाळी शेजारचे म्हातारबाबा आले, तर मी सरळ नाही म्हटलं. तुम्ही त्यांच्यादेखत ओरडलात, "दारी आलेल्या माणसाला परत धाडती व्हय गं? पाय झिजतो का तुझा?" मी पाय लावला, पण तुम्ही शेतात जाईपर्यंत तुमच्याशी बोलले नाही.

दुपारी तुम्ही शेतातून वाकत वाकत येता. सदरा घामाने चिंब. ओट्यावर पालथे पडता. "पोरी, लई जबर भरली. लाव पाय." आई ओव्याची पुरचुंडी शेकायला आत पळते. मी पाय उचलते. एक, दोन, तीन. तुम्ही मान वळवून माझ्याकडे बघता आणि म्हणता, "उतरली गं." जीप येईस्तोवर तुम्ही गेला होतात.

तेव्हापासून मी कुणाच्या पाठीला पाय लावला नाही. लग्नानंतर सासरी पायाळू असल्याचंही लपवलं. परवा एवढ्या वर्षांनी डॉक्टरांना विचारलं, अशा माणसाच्या पाठीवर कुणी लाथ मारली तर? ते म्हणाले, "त्यानं काही होत नाही. फाटायची ती आधीच फाटलेली असणार." मी त्यांच्यासमोर ढसाढसा रडले. मग डोळे पुसून ऑपरेशनला हो म्हटलं. पुढच्या सोमवारी आहे.

हे पत्र कुणाला द्यायचं नाही, स्कॅनच्या पाकिटात ठेवणार आहे. डॉक्टरांना सगळं सांगितलं, एक सोडून. सकाळचा राग गेला नव्हता, अण्णा. तिसरी लाथ मी मुद्दाम जोरात मारली होती. तुम्हाला ते कळलं होतं, म्हणूनच मान वळवलीत. उतरली नव्हती ना?