पाटासमोरचा माऊ

प्रिय माऊ,

वरचे दोन शब्द हाताने लिहिलेत. बाकीचं पत्र मोबाइलला सांगून लिहून घेतलं आणि छापून आणलं, तेव्हा तांबडं पेन खाली ठेव. मोबाइल वेलांट्या चुकत नाही, आणि मी अडखळले तर हसत नाही. शनिवार पेठेतल्या मराठीच्या सरांना एवढा खुलासा पुरे.

इकडे मांजरी गावात सगळं बरं आहे. रोपवाटिकेत शेवंती छान लागलीये. तुझ्याकडचा गणपती मात्र डोक्यातून जात नाही. आरतीला तुझी सोनाली माझ्या शेजारी उभी होती. हातात पुस्तक, नजर पानावर, एक शब्द चुकला नाही. नऊ वर्षांची पोर कशी घडाघडा वाचते म्हणून सगळे कौतुक करत होते. पान देवीच्या आरतीचं होतं आणि ती शंकराची म्हणत होती. मला लगेच कळलं, कारण मीही अशीच वाचायचे. आई एकदा वाचून दाखवायची, मी पाठ करायचे आणि ओळींवरून नुसतं बोट फिरवायचे.

जेवणं झाल्यावर तू तिच्या हातात पेपर दिलास. ‘भरधाव ट्रक’चं तिने ‘मरधाव’ केलं. झालं, तुला निमित्तच मिळालं. तनूने भाऊबीजेला पाटासमोर रांगोळीने ‘भाऊ’ लिहायचं तर ‘माऊ’ लिहिलं आणि मी जन्माचं मांजर झालो, ही गोष्ट तू पुन्हा रंगवून सांगितलीस. वर म्हणालास, पोरगी अगदी आत्यावर गेलीये हो. सगळे हसले. सोनाली सर्वांत मोठ्याने हसली. मीही तशीच हसायचे रे, रडू फुटू नये म्हणून.

नंतर स्वयंपाकघरात ती मला हळूच म्हणाली, आत्या, मला नाही तुझ्यासारखं व्हायचं. मला संताप आला, पण तिचा नाही. तिच्या बाईंनी तुला बोलावून सांगितलं होतं, डिस्लेक्सिया असू शकतो, तपासून घ्या. तू म्हणालास, आमच्या घराण्यात असलं काही नाही, हा निव्वळ आळस आहे. दहावीला मराठीत नापास झालेली पुण्यातली मुलगी तुझ्याच घराण्यातली होती. तेव्हा कुणाला काही ठाऊक नव्हतं, म्हणून मला आळशी म्हणणाऱ्या बाबांना मी माफ केलं. तू तर प्रशिक्षणात इतर शिक्षकांना हाच विषय समजावून सांगतोस. तुला कसं माफ करू?

गुरुवारी सकाळी तिच्या तपासणीची वेळ मी घेतली आहे. तिथे आत्या चालत नाही, आई किंवा वडील लागतात, आणि वहिनी तुझ्या शब्दाबाहेर नाही. म्हणून हे पत्र. तिला घेऊन ये. तिला वेगळ्या पद्धतीने शिकवलं तर ती वाचेल, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि ती रांगोळीची गोष्ट आता पुरे कर. सगळ्यांना वाटतं मी तुला लाडाने माऊ म्हणते. आजसुद्धा वर मी ‘भाऊ’च लिहायला गेले होते.

अजूनही तुझीच,
तनुजा