एकोणीस जणींत एक पास

४ मार्च १९९६, सोमवार
पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या विजेच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागून आज तीन महिने. वाइंडिंगच्या लाइनला, तारेच्या कॉइल गुंडाळतात तिथं, दुपारी तीननंतर रोज तेच. तार तुटते, वेढे चुकतात, रिजेक्टचा ट्रे चारपर्यंत भरतो. आमचे मालक मूर्तिसर म्हणतात, "जेवल्यावर बायका गप्पा मारतात, मेडम." म्हणून तीन ते पाच तिथंच उभी राहिले. एकोणीस जणी. एकही बोलत नव्हती. सगळ्या अवघडून बसलेल्या. पाण्याचं मडकं सकाळी भरलेलं, संध्याकाळीही तसंच. या उन्हात!

६ मार्च, बुधवार
सावित्रम्मांना विचारलं. त्या सगळ्यांत जुन्या, बारा वर्षं मोटारीच्या कॉइल गुंडाळतायत. माझं कन्नड मोडकं, त्यांचं हिंदी स्वल्प. तरी समजलं.
"पाणी प्यायलं की जावं लागतं ना, मेडम."
आणि सुपरवायझर नंजप्पांच्या टेबलाकडे बोट. तिथं खिळ्याला पत्र्याचा एक पास. बाथरूमला जायचं तर तो मागायचा, मग ते वहीत वेळ लिहिणार. पुरुषाकडे, सगळ्यांसमोर. म्हणून सकाळपासून घोटभरही नाही. सावित्रम्मांना दोनदा लघवीला जळजळ होऊन ताप आला होता.
मी ऑफिसचं बाथरूम वापरते. तीन महिने त्या खिळ्यासमोरून ये-जा केली आणि...

९ मार्च, शनिवार
मूर्तिसरांशी बोलले. "पास काढला तर अर्धी लाइन आतच बसेल." मी म्हटलं, तीन आठवडे बघू. रिजेक्शन कमी होईल. नाही झालं तर मी स्वतः पास परत लावीन. "सरी," म्हणाले, म्हणजे ठीक आहे.
बायकांना सांगितलं, शेजारणीला सांगून जायचं, कुणाला विचारायचं नाही.
सावित्रम्मा: "आणि मग?"
"मग काही नाही."

१२ मार्च, मंगळवार
काल कुणीच उठलं नाही. आज साडेअकराला सावित्रम्मा उठल्या, पदर खोचला, नंजप्पांच्या टेबलासमोरून सरळ गेल्या. त्यांनी सवयीनं घड्याळ पाहिलं. मग पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नाही. सांगितलेलं करत होता.
दुपारपर्यंत आणखी सहा-सात जणी. माल जरा कमी निघाला. मू. सर काचेतून बघत होते.

२२ मार्च, शुक्रवार
मडकं दोन वाजताच रिकामं, पुन्हा भरायला लावलं. चार वाजता रिजेक्टच्या ट्रेचा तळ दिसत होता. नंजप्पांनी स्वतः येऊन दाखवला. आज कुणीतरी हसलं लाइनवर. मोठ्यानं. हात चालूच होते.

२९ मार्च, शुक्रवार
मू. सर खूश. केबिनमध्ये कॉफी. "बघा मेडम, अंगात होतं त्यांच्या. लपवत होत्या." मी म्हटलं, लपवत नव्हत्या, तहानेल्या होत्या. "आकड्यात तेच." आठ तारखेपासून टार्गेट वाढणार. "तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतात."

३० मार्च, शनिवार
जेवणाच्या सुट्टीत सावित्रम्मांना सांगितलं. त्यांनी डबा बंद केला.
"आम्ही पाणी प्यायलो, त्याचंही जास्तीचं काम लावलंत?"
आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

३१ मार्च, रविवार
बसवनगुडीच्या बाजारात भाजी घेताना नवऱ्याला, श्रीकांतला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण प्रॉडक्शन वाढावं म्हणूनच केलंस ना तू?"
मी चिडले. त्याच्यावर कशाला? बरोबरच होतं. मूर्तिसरांना पटावं म्हणून मी माणसाची गरज रिजेक्शनच्या भाषेत विकली. आणि रिजेक्शन उतरलं नसतं तर? पास परत लावीन, असं कबूल करून बसले होते. लावला असता? लावला असता बहुतेक. हे लिहायला फार वेळ लागला.

१ एप्रिल, सोमवार
मू. सरांना एकपानी अर्ज दिला. टार्गेट इतक्यात वाढवू नये, वाढवायचंच तर बायकांशी बसून ठरवावं, आणि पास पुन्हा कधीच लावू नये, माल कमी निघाला तरी. त्यांनी वाचला. पेपरवेटखाली ठेवला. "चांगल्या इंजिनिअर आहात, मेडम. बघू."
बघू म्हणजे नाही.

२ एप्रिल, मंगळवार
अर्जाचं लाइनवर कळलं. नंजप्पांनीच सांगितलं असावं. सुट्टीत सावित्रम्मा आल्या, मागे चार-पाच जणी.
"आमचीही नावं घाला."
म्हटलं, तुमची नोकरी जाईल. एकटीचं नाव आहे तोवर भांडण माझ्याशी राहील.
"मेडम, दिवसभर तिथं बसतो आम्ही. मागणं तुमचं कसं?"
कन्नडमध्ये नवा कागद त्यांनीच लिहून घेतला, नंजप्पांच्या मुलीकडून, ती पॅकिंगला आहे. माझ्या अर्जात नव्हतं तेही घातलं, बाथरूमला आतून कडी नाही. तेरा सह्या, चार अंगठे. दोघी म्हणाल्या, घरी विचारून सांगतो. मी सही करायला वर जागा शोधत होते. सावित्रम्मांनी कागद फिरवला.
"तुमची खाली."
खाली केली.
उद्या दहाला मू. सर येतात. कागद आत घेऊन कोण जाणार ते ठरलेलं नाही. सगळ्याच जाऊ म्हणतायत.