ग्लेनिसचं जॅकेट

मंगळवार, ११ जून

खोटं बोलले! सत्तावीस वर्षांच्या मैत्रिणीशी, तिच्याच स्वयंपाकघरात, तिनेच केलेला केक खात खात.

"तुझं डायव्हिंगचं जॅकेट गेलं, ग्लेनिस. आतली हवेची पिशवी फाटलीय. दुरुस्त नाही होणार."

तपासायला म्हणून आणलेलं ते जॅकेट माझ्या शेडमध्ये खिळ्याला टांगलंय. काल संध्याकाळी हवा भरून ठेवली होती. आज सकाळी तस्संच टम्म. पाण्यात बुडवून पाहिलं, एक बुडबुडा नाही.

पण काय करू? तीन आठवड्यांपूर्वी पॉइंट लोलीला माकूळ बघायला ती समुद्रात उतरली आणि दगडासारखी तळाला गेली. सहा मीटर! जॅकेटला हवेची नळी जोडलीच नव्हती. बिचारी बटण दाबत राहिली, हवा येणार कुठून? मास्कमध्ये पाणी, नाकातोंडात पाणी. मी ओढून वर आणली तेव्हा ओठ निळे पडले होते. अडुसष्टाव्या वर्षी बाई विसरायला लागलीय. जगाला मी फटाफट तोंडावर बोलते. हिला "आता पुरे" म्हणताना जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून खोटं बोलून जॅकेटच मारून टाकलं!

आणखी एक, जे फक्त इथेच लिहिते. उतरण्याआधी एकमेकींचं जॅकेट तपासायचं असतं — बटण दाबून, पट्टे ओढून. गेली तीस वर्षं डायव्हिंग शिकायला येणाऱ्या पोरांना हेच शिकवत आले. त्या दिवशी तिच्या जॅकेटला मी हातसुद्धा लावला नाही. थंडी होती, घाई होती. मनाला लागून राहिलंय ते.

बुधवार, १२ जून

ग्लेनिसचा फोन. रडेल म्हणून मी मन घट्ट करून बसले होते. तर म्हणते, "मग नवीन घेऊ या! तूच चल बरोबर, तुला त्यातलं कळतं."

झाली का पंचाईत!

शनिवार, १५ जून

कॉस्टाच्या डायव्हिंगच्या सामानाच्या दुकानात गेलो. त्याने तीन जॅकेटं काढली. पहिलं चारी बाजूंनी फुगणारं. मी म्हटलं, पोटाला आवळेल. दुसरं फक्त पाठीमागे फुगणारं. ते पाण्यावर तोंडावर पाडतं, हे खरंच आहे. तेवढं एक खरं बोलले. तिसरं बायकांच्या मापाचं. अंगावर असं बसलं, जणू शिंप्याने तिच्यासाठीच शिवलं. मी म्हटलं, "शिशाच्या वजनांचे खिसे घट्ट आहेत. बुडायची वेळ आली तर सुटायचे नाहीत."

कॉस्टाने एका बोटाने खिसा ओढला. सटकन सुटला. माझ्याकडे नुसता बघत राहिला.

ग्लेनिस हसत सुटली. "लग्नाचा झगा घेतानासुद्धा मी एवढे घालून पाहिले नव्हते! आणि तो नवरा तर सहाच वर्षं टिकला." मग आरशात पाहून म्हणाली, "नको रे कॉस्टा. या रंगात मी मढ्यासारखी दिसते."

सुटले! ऑगस्ट संपला, इथला हिवाळा सरला, की अंडी घालायला आलेले माकूळ आमच्या आखातातून निघून जातात. तोवर ढकललं की झालं. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी.

मंगळवार, १८ जून

दूध आणलं. फ्रीज उघडला तर दोन बाटल्या आधीच. डोकं ठिकाणावर नाही. खोटं पचत नाही, दुसरं काय!

शनिवार, २९ जून

परत दुकान. परत चार जॅकेटं. कॉस्टा म्हणाला, "बायांनो, तुम्हाला जॅकेट हवंय की माझा जीव?" आज ग्लेनिसनेच जास्त खोड्या काढल्या. बकल टोचतं, कॉलर घासते. माझ्यापेक्षा वरचढ!

निघताना माझा दंड धरून म्हणाली, "माझ्याशिवाय पाण्यात जायचं नाही हं, मर्ना. वचन दे." दिलं. स्वतःला मिळत नाही म्हणून मलाही नाही — थोडा रागच आला. मग त्या रागाची लाज वाटली.

रविवार, ७ जुलै

दीपगृहापाशी थर्मास घेऊन दोघी खडकावर बसलो. डायव्हिंग क्लबची मंडळी पाण्यातून वर येत होती. गारठलेली आणि खूश! एकाने सांगितलं, माकूळ इतके की हात ठेवायला जागा नाही. पाण्याकडे बघत ग्लेनिसने खिमा भरलेली पेस्ट्री अर्धीच खाल्ली, उरलेली मला दिली.

तिचा हक्काचा हिवाळा मी चोरला. तिला तोंडावर विसराळू म्हणाले असते, भांडले असते, तरी परवडलं असतं.

शनिवार, १३ जुलै

सांगून टाकलं.

जुनं जॅकेट फुगवूनच घेऊन गेले, तिच्या टेबलावर ठेवलं. "पिशवी फाटलेली नाही. कधीच नव्हती. तू नळी जोडायला विसरलीस, मी घाबरले, आणि तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही."

चिडेल वाटलं होतं. तिने हळूच जॅकेटमधली हवा सोडली. बराच वेळ फुस्स आवाज चालू होता. मग माझ्या हातावर हात ठेवला.

"मर्ना, त्या दिवशी तू मला गाडीत चहा घेत बसवलंस. थंडी आहे, तू उठू नकोस म्हणालीस. माझं सगळं तूच जोडलंस, नळी तेवढी राहिली. आणि तपासलं म्हणून सांगितलंस."

"काहीतरीच! मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"बोलले गं. त्याच संध्याकाळी. दोघी रडलो होतो. जूनमध्ये तू जॅकेट फाटलं म्हणालीस तेव्हा कळलं की तुझ्या लक्षातच नाही. म्हटलं, फाटलं तर फाटलं. जॅकेट शोधण्यात ऑगस्ट निघून जाईल, तोवर तूही पाण्यात उतरणार नाहीस."

मी तिला वेडी म्हटलं. दार आपटून आले.

रविवार, १४ जुलै

या वहीतलं १९ मेचं पान काढलं. माझंच अक्षर. "ग्लेनिसची नळी मी जोडली नाही. ती आज मेली असती. हे कधीही विसरायचं नाही."