हंड्यातली हाक

३ नोव्हेंबर
आली गं बाई नातीकडं! प्राप्तीनं हरिहरेश्वरला घर भाड्यानं घेतलंय, न्हाणीच्या खिडकीतून समुद्र दिसतो. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण लिहायची हौस दांडगी. उरणहून आमच्या मिठागराचं खडं मीठ आणलंय. प्राप्ती म्हणाली, इथं मीठ मिळत न्हाय व्हय आजी? मिळतं गं, पण त्याला चव हाय का!

तर तिचं काम. आकाशगंगेच्या मधोमध ढग हायेत, त्यातलं पाणी रेडिओसारखं आपोआप वाजतं. कुठं कुठं वाजतं त्याचा ती नकाशा करते. मेझर म्हणतात. मला वाटलं फौजेतला मेजर! एका कणानं हाक मारली की शेजारचे त्याच सुरात ओ देतात, मग हाक वाढत जाते.

४ नोव्हेंबर
आज तिनं ती हाक स्पीकरवर ऐकवली. घशातला कफ ओढावा तशी खरखर. मधेच ‘आजी’ ऐकू आलं नि माझ्या तोंडून ओ गेली. प्राप्ती पोट धरून हसली. आमच्याकडं एकदाच आलेल्या हाकेला ओ देत न्हाईत, कोण बोलावतंय काय ठाव. पण नातीच्या घरात कोण असणार!

६ नोव्हेंबर
हंड्यातल्या पिण्याच्या पाण्यावर शेंबडासारखी साय. हात घातला तर बोटांना तार आली. शी! नि ती साय खरखरली. स्पीकर बंद होता. मूठभर मीठ टाकलं, तवा गप झाली. प्राप्ती म्हणते शेवाळ. म्हटलं, शेवाळ बोलतं व्हय गं?

८ नोव्हेंबर
प्राप्ती जेवत न्हाय. तेच पाणी पिते. घाम डिंकासारखा, कुजक्या कोळंबीचा वास — पुसला तर फडक्यातून ‘आजी’.

९ नोव्हेंबर
तिला मीठ चारलं. ओकली. ओकारी फरशीवर पसरून हाका मारत होती. मीच पुसली, या हातांनी — अजून नखांत हाय.
प्राप्ती कशीबशी बोलली, आजी, ओ देऊ नको. अजून एक ओ, नि मी उरणार न्हाय —

१० नोव्हेंबर
ती तोंड मिटून बसलीय. हाक तिच्या पोटातून येते.
मी ओ देणार न्हाय. तोंडात मीठ कोंबलंय, जीभ सुकावी म्हणून —
आली हाक.
गप हाय मी. गप.
पण मिठानं तोंडाला पाणी सुटलं — तार धरतंय — मी न्हाय गं पोरी, माझं तोंड मिटलंय, आतली थुंकीच ओ दे—