पूजा झालेला पंखा, खुंटीवरचा पट्टा

रविवार, विष्णुपुरी, दिवेलागण

चित्त क्षुब्ध आहे. स्वनिर्मित विमानाच्या इंजिनास वीज निर्माण करणारा कोणता अल्टरनेटर शोभेल, यावर या महापंडिताने वर्षभर चिंतन केले. ट्रॅक्टरचा जड, म्हणून त्याज्य. छोट्या मोटारीचा हलका, म्हणून ग्राह्य. त्यास फिरवणारा पट्टा माझा मेहुणा दत्ता याने लातूरहून आणला आणि तो शेडमधल्या खुंटीवर विराजमान झाला.

आज इंजिन प्रथमच सुरू व्हायचे होते. मुहूर्त मीच काढलेला, म्हणून घाईही माझीच. या शेडची पायरी कधी न चढलेल्या सौभाग्यवती आरतीचे तबक घेऊन स्वतः आल्या. आणखी काय हवे? विमानाच्या नाकाशी पंखा चढवला, बोल्ट आवळले, कुंकू लावले, नारळ फोडला, पेढे वाटले. तेवढ्यात दत्ता म्हणाला, "दाजी, पट्टा तर खुंटीलाच हाय की!"

पट्टा बसतो पंख्याच्या मागे. अखंड वर्तुळ ते. पंखा उतरवल्याविना आत शिरणे नाही. हे मला ठाऊक नव्हते काय? आराखडा माझाच!

"मग पेढे वापस घेऊ का?" सौभाग्यवतींची पृच्छा.

"ताई, उद्या चालू करू की," दत्ता म्हणाला.

"करा. आवाज आला की येते मी."

कुंकवासह पंखा आता जमिनीवर आडवा आहे, पट्टा अखेर स्वस्थानी, खुंटी रिकामी. देवघरात डोकावलो, तर तबकात तिने नवी वात घालून ठेवलेली. उद्या हे इंजिन बोलले नाही, तर मी कोणत्या तोंडाने घरात शिरू?