बॅटरी नीट धर

अप्पा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि मी आज तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्ही होतात तेव्हा ते जमलं नाही. तुमच्यासमोर आवाज चढवायची आपल्या घरात कुणाची छाती नव्हती, आईचीसुद्धा नाही. आता तुम्हाला मधे बोलता येणार नाही, तेव्हा नीट ऐका.

भांडणाचं कारण तुमची नात. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. अकरा वर्षांची आहे, इथे जर्मनीत, र्युसेल्सहाइमलाच वाढली, मराठी सगळं समजतं पण उत्तर जर्मनमध्ये देते. तिच्या शाळेत रोबोच्या स्पर्धेचा गट आहे. दर सप्टेंबरात हंगाम सुरू होतो. त्या दिवशी बंद खोक्यातून त्या वर्षीचं आव्हान बाहेर येतं, टेबलावर एक मोठी चटई पसरतात, आणि पुढचे काही महिने मुलांनी असा रोबो करायचा की तो चटईवरच्या काळ्या रेषेवरून आपला आपण चालत जाईल. पहिल्या दिवशी केक-कॉफीला आईवडिलांनाही बोलावतात. मी अर्धी रजा टाकून गेले होते. चटई उलगडली तेव्हा ही टाचा उंचावून बघत होती, डोळे असे लकाकत होते! मग सरांनी कामं वाटली. रोबो जोडायला मुलगे, प्रोग्रॅम लिहायला मुलगे, आणि पोस्टर रंगवायला गटातल्या दोन्ही मुली. "मुलींचं काम कसं नीटनेटकं असतं," सर हसून म्हणाले. जमलेल्या आयांनी माना डोलावल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी सगळ्यांदेखत विचारलं, तिला काय करायचंय हे तिला विचारलंत का? माणूस भला आहे, गोंधळला. "पण ती काही बोलली नाही," म्हणाला. बोलली नाही म्हणे! मुलग्यांना कुणी विचारलं होतं का? ते न बोलताच पात्र ठरले. अप्पा, आम्ही सात समुद्र ओलांडून आलो, यंत्रांच्या देशात आलो, आणि इथेही घरोघरी मातीच्याच चुली.

आणि मग त्या सरांवरचा राग बाजूलाच राहिला, मला तुम्ही आठवलात. चिंचवडची आपली कॉलनी, जिन्याखालचा अंधारा कोपरा, तिथे तुमची स्कूटर. रविवारी तुम्ही ती उघडून बसता. धाकट्या भावाच्या हातात पाना, माझ्या हातात बॅटरी. "बॅटरी नीट धर," हे तुमचं वाक्य मी किती रविवार ऐकलं असेल! बाजूने धर, माझ्या हाताची सावली पडू देऊ नकोस, डोळ्यात मारू नकोस. धाकटा कंटाळून क्रिकेटला पळून जायचा, तरी पाना जमिनीवर पडून राहायचा, माझ्या हातात यायचा नाही. एकदा मी म्हटलं, "अप्पा, प्लग काळा पडलाय, मी काढू?" तुम्ही वरही पाहिलं नाहीत. म्हणालात, "तू बॅटरी नीट धर. तोंड चालवू नकोस." पुढे इंजिनिअरिंगला पाठवलंत, ते मी विसरले नाही. पण मेकॅनिकलचा फॉर्म भरू दिला नाहीत, वर्कशॉप मुलींना झेपत नाही म्हणून. आज मी मोटारीच्या ब्रेकची चाचणी घेते. आणि तुमच्या धाकट्याला घरातला बल्ब बदलायलाही माणूस बोलवावा लागतो.

वर्षातून एकच दिवस तुमच्या हत्यारांना माझा हात लागायचा, खंडेनवमीला. पाने, पक्कड, हातोडी पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, आणि त्या दिवशी कुणीच हत्यार चालवायचं नाही. म्हणजे मला हात लावायची मुभा तेव्हाच, जेव्हा त्याचा काही उपयोग नाही!

तर, सरांशी वाद घालून मी एवढं पदरात पाडलं: रोबो एक वीकेंड तिच्याकडे राहील. तिने तो काळ्या रेषेवरून चालवून दाखवला, तर सोमवारी तिला जोडणाऱ्या गटात घेतील. मुलग्यांकडून असं काही दाखवून घेतलं नव्हतं, पण ते असो. शुक्रवारी ती खोकं छातीशी धरून घरी आली. आणि शनिवारी खंडेनवमी. मी सवयीने पाट मांडला. लॅपटॉप, गाडीची किल्ली, शिवणाचं मशीन, आणि मधोमध तिचा रोबो. बागेच्या दुकानातून आणलेला झेंडू, हळद, कुंकू. ती हात पुढे करणार एवढ्यात मी म्हणाले, "आज हात लावायचा नाही. उद्या दसरा झाला की घे."

तिने हात मागे घेतला. "आई, दार्फ इश् डेन नी?" म्हणाली. मला कधीच हात लावू देणार नाही का? रडली नाही. तिने फक्त विचारलं, आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली.

मी रोबो पाटावरून उचलला आणि तिच्या हातात दिला. तुमची खंडेनवमी मोडली. मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

फरशीवर काळी चिकटपट्टी लावून तिने रोबो सोडला, तर तो रेष सोडून थेट सोफ्याखाली. पुन्हा सोडला, पुन्हा तेच. तिने उचलून पुढचा भाग डोळ्यांजवळ नेला. रेष ओळखणारा जो सेन्सर असतो, त्याच्या इवल्याशा भिंगावर माझं कुंकू बसलं होतं. भरभरून वाहिलेलं! ती हसत सुटली, मीही. मग तिने मला न विचारता स्वयंपाकघरातून स्क्रूड्रायव्हर आणला, सेन्सर सोडवला, कापसाने पुसायला बसली. बाहेर दुपारीच आभाळ भरून आलेलं, भिंग आत खोल. "बॅटरी," ती म्हणाली. चक्क मराठीत.

सोमवारी रोबो रेषेवरून सरळ गेला. तिला जोडणाऱ्या गटात घेतलं. आणि पोस्टरही तिच्याकडेच ठेवलं, अक्षर सुंदर आहे म्हणून! पुढच्या आठवड्यात मी पुन्हा शाळेत जाणार आहे.

हे पत्र ज्यांना लिहिलं, ते वाचायला नाहीत आणि उलट बोलायलाही नाहीत. त्याचाही मला रागच आहे. फक्त एक गोष्ट कबूल करते. त्या दुपारी मी तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसले होते. उजेड बाजूने, तिच्या हाताची सावली पडू न देता, डोळ्यात न मारता. तिला एकदाही सांगावं लागलं नाही, अप्पा. बॅटरी मी फार चांगली धरते.